माकणीला नापास झालेली मदत

सास्तूरला माझ्या घरी ‘ओके’ आलं होतं. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण नंतर माकणीला जे झालं ते बघून घरातल्या सगळ्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच वाटेत काहीतरी सांडून आले. ओके आलं होतं. मी डोळ्यानं बघितलं, आमच्या ह्यांना हाक मारून दाखवलं, आणि मगच लॅपटॉप मिटला.

कशाचं ओके, ते सांगते. त्याच्यासाठी विहिरींपासून सुरुवात करावी लागंल.

आम्ही काही बायका सास्तूर, माकणी आणि मधल्या गावांतल्या विहिरींचं पाणी मोजतो. दर पंधरवड्याला टेप सोडायची, काठापासून पाणी किती खाली गेलंय ते बघायचं आणि लिहून ठेवायचं. उन्हाळी भुईमूग टाकायचा का जमीन पडीक ठेवायची, हे आता गावातले लोक त्या आकड्यांवरून ठरवतात. आधी हसायचे. गावात मला खाला, म्हणजे मावशी, म्हणतात. “खाला आली, आता विहिरीला ताप किती ते सांगणार,” असं म्हणायचे. आता पंधरवडा दोन दिवस पुढं गेला तर तेच दारात येऊन विचारतात. पण एकदा मोजणं बंद पडलं की लोक परत अंदाजावर जाणार, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून ते बंद पडू द्यायचं नाही, एवढंच माझं म्हणणं होतं, आणि ही सगळी हकीकत त्याच्यापायी झाली.

माझ्या नणंदेची मुलगी पुण्याला कंपनीत आहे. तिनं आम्हाला ह्या आकड्यांसाठी पायथनमध्ये एक छोटा प्रोग्राम करून दिला. पायथन ही कम्प्युटरला काम सांगायची भाषा. प्रोग्राम लई साधा आहे, त्यात चित्रं न्हाईत, बटणं न्हाईत. एक काळी खिडकी उघडते, तिच्यात हुकूम टाइप करायचा, म्हणजे विहिरीचा नंबर आणि पाणी किती फूट खाली, की तो ‘नोंद घेतली’ म्हणतो. आणि काही कळलं नाही तर दोन आडव्या रेघा मारून पुढं ‘हेल्प’ लिहायचं. मग तो कसं वापरायचं ते ओळीनं सांगतो. हा मदतीचा मजकूर मराठीत आहे आणि तो मी लिहिलाय. भाचीनं लिहिला होता, पण तो वाचून आमच्या बायका मलाच फोन करायच्या. मग मी म्हटलं, मी जसं फोनवर सांगते तसंच लिहून टाकू.

माझी शाळा सातवीपर्यंत. पुढचं जे काय आलं ते मोबाईलवर व्हिडिओ बघून, थांबवून, परत मागं नेऊन. पायथन मला येतं असं मी म्हणणार नाही. आमच्या शेजारच्या घरातली सून जशी दखनी बोलती, म्हणजे कळतंय सगळं पण तोंड उघडलं की लोक हसतात, तसं माझं पायथन.

तर झालं काय, की एकदा भाचीनं प्रोग्राममध्ये काही सुधारणा केली आणि मदतीतली एक ओळ गळाली. ‘माप फुटात लिहा’ ही ओळ. कुणाच्या लक्षात आलं नाही. नवीन बायका होत्या त्यांतल्या एकीनं मीटरमध्ये लिहिलं, एकीनं तर हात मोजून लिहिले. फुटाच्या जागी लहान आकडे पडले, आणि आमच्या आकड्यांत काही विहिरी एका पंधरवड्यात भरल्या! पाऊस नाही, पाणी नाही, आणि विहिरी भरल्या. लोक मला विचारायला लागले, खाला, कुठल्या पिराला नवस केला?

तेव्हा भाची फोनवर म्हणाली (मामीला आमच्यात मुमानी म्हणतात), “मुमानी, मदतीच्या मजकुराला टेस्ट लावू या. पुन्हा ओळ गळाली तर लगेच कळंल.”

टेस्ट म्हणजे दुसरा एक छोटा प्रोग्राम. तो पहिल्याला म्हणतो, तुझी मदत दाखव. आणि पहिला जे दाखवंल ते, आपण आधी लिहून ठेवलेल्या मजकुराशी अक्षर न् अक्षर लावून बघतो. सारखं निघालं तर ओके. नाही निघालं तर फेल्ड.

मला हे ऐकूनच चक्कर आली. म्हणजे मी जो मजकूर लिहिलाय तोच मी दुसऱ्या ठिकाणी परत लिहायचा, आणि मग दोन्ही सारखे आहेत का ते मशीननं बघायचं. आमचे हे बाजेवर बसून ऐकत होते. म्हणाले, “एकदा लिहिलेलं परत लिहायचं, आणि ते तेच आहे का बघायचं. मग पहिल्यांदा लिहिलं कशाला?” मी त्यांना गप्प केलं, पण मलाही तोच सवाल पडला होता. भाचीला विचारलं तर ती म्हणाली, कॉपी करू नका, हातानं टाइप करा, कॉपी केलं तर चूकही कॉपी होते. मग मी स्क्रीन बघून बघून सगळं टाइप केलं. स्क्रीनवर ओळ जिथं मोडली होती तिथंच मीही मोडली, फळ्यावरचं उतरवून घेताना आपण घेतो तशी. टेस्ट चालवली. ओके. मी चहा टाकला.

आता माकणी. माझी मुलगी हैदराबादला असते. तिचं दुसरं बाळंतपण जवळ आलं होतं. मोठ्याची शाळा, म्हणून ती इकडं येऊ शकत नव्हती, मीच जाणार होते, तीन-चार महिने तरी. मोजणाऱ्या बायका होत्या, पण त्या फूट-मीटरच्या घोळानंतर त्या नुसते आकडे सांगायच्या, मशीनमध्ये घालणारी मी एकटी. माझ्या मागं ते कोण करणार? एकच नाव होतं. माझी धाकटी जाऊ, माकणीला असते, शिवणकाम करते, हिशेबाला आणि बोलायला दोन्हीला तेज. आणि ती म्हणत होती, “आपा, मला नक्को.”

आम्ही घरात दखनी बोलतो, इथं मराठीत लिहिते.

ती म्हणायची, “तुम्ही बाजूला बसलात तर मी काय पण करते. तुम्ही नसलात की ते मशीन माझ्यावर खेकसतंय.”

“अगं म्हणून तर मदत लिहिलीय. मी नसले तरी ती आहे. मी जे बोलले असते तेच आहे तिच्यात.”

“तुम्ही बोलता तेव्हा मी मधे विचारते. तिला कसं विचारू?”

भाचीनं तिचा जुना लॅपटॉप जावेसाठी पाठवून दिला आणि मला बजावलं, नवीन मशीनवर प्रोग्राम घातला की आधी टेस्ट चालवा, ओके आलं की मगच कामाला लावा. म्हणून निघायच्या सकाळी मी घरी परत टेस्ट चालवली, ओके बघितलं, पेनड्राईव्ह रुमालात गुंडाळला आणि ह्यांच्या मोटारसायकलवर मागं बसून माकणीला गेले.

जावेनं लॅपटॉप शिलाई मशीनच्या पाटावर ठेवला होता. काळी खिडकी उघडली तर म्हणाली, “ही अक्षरं आहेत का मुंग्या?” तिचा चष्मा जाड आहे. मी कंट्रोल आणि अधिक दाबून दाबून अक्षरं मोठी केली. “आता कसं! आता बाई माणसात आलं,” म्हणाली. मग मी तिला शेजारी बसवून टेस्ट चालवायला लावली, तिच्याच बोटानं, म्हणजे तिला हिंमत येईल.

फेल्ड.

नुसतं फेल्ड नाही. खाली ही लांबलचक यादी. काही ओळींच्या आधी उणे, काहींच्या आधी अधिक, मधेच प्रश्नचिन्ह.

जाऊ स्क्रीनकडं बघत राहिली. “हे वजाबाकी करतंय का? ओळ वजा, ओळ अधिक. मग उत्तर शून्य यायला पाहिजे.”

“थांब, मला बघू दे.”

“बघा. मी नापास झाले ते बघा.”

“तू नाही गं, प्रोग्राम नापास झालाय.”

“बोट कुणाचं होतं?”

मी तिला समजावलं की टेस्ट माणसाची नसते, पण माझ्या आवाजात जोर नव्हता, कारण मलाच कळत नव्हतं. तोच प्रोग्राम, त्याच पेनड्राईव्हमधून. सकाळी सास्तूरला ओके, दुपारी माकणीला फेल्ड. दूध असतं तर म्हटलं असतं, उन्हानं नासलं.

मग आम्ही दोघींनी जे केलं ते आमच्या दोघींच्या सवयीचं होतं. रमजानमध्ये आम्ही एकमेकींना कुराण ऐकवतो. एक म्हणते, दुसरी पानावर बोट ठेवून ऐकते. चुकलं की बोट ठेवणारीनं नुसतं ‘हुं’ करायचं, काय चुकलं ते सांगायचं नाही, म्हणणारीनं आपलं आपण मागं जाऊन शोधायचं. लहानपणी दोघींना असंच शिकवलं, वेगवेगळ्या गावात, पण रीत एकच. ह्या रीतीनं जेर-जबरची, म्हणजे अक्षराखालच्या-वरच्या बारीक खुणेची सुद्धा चूक सुटत नाही. मी म्हटलं, मदत पण तशीच ऐकवू.

टेस्टमधला मजकूर मी मोबाईलवर घेतला आणि मोठ्यानं म्हणायला लागले. जावेनं मशीनवर हेल्प उघडली आणि स्क्रीनवर बोट ठेवलं. ‘हा प्रोग्राम विहिरीच्या पाण्याची नोंद घेतो.’ बोट पुढं. ‘विहिरीचा नंबर काठावर रंगानं लिहिलेला आहे, तोच टाका.’ बोट पुढं. ‘माप फुटात लिहा.’ तिथं मी मुद्दाम थांबले. ती म्हणाली, “हौ, हाय की.” शेवटापर्यंत गेलो. तिनं एकदाही हुं केलं नाही.

मग उलट केलं. तिनं मशीनवरचं म्हटलं, मी मोबाईलवर बोट ठेवलं. तिचं पाठ म्हणणं माझ्यापेक्षा चांगलं, एकेक शब्द सुटा. मलाही हुं करायला जागा मिळाली नाही.

“सारखं आहे,” मी म्हटलं.

“सारखं आहे,” ती म्हणाली, आणि परत टेस्ट चालवली. फेल्ड.

आता माझं डोकं खरंच फिरलं. दोन म्हाताऱ्या बायका, दोघींचा सगळा जन्म ऐकण्या-ऐकवण्यात गेलेला, दोघी म्हणतायत सारखं, आणि मशीन म्हणतंय नाही. मी म्हटलं, लॅपटॉप जुना आहे, त्याला मराठी नीट येत नसंल. जाऊ म्हणाली, त्याला मराठी येत नसती तर स्क्रीनवर कसं दिसलं? मी म्हटलं, लाईट कमी-जास्त होतीय. ती म्हणाली, मग अक्षरं पण कमी-जास्त झाली असती. मी प्रोग्राम काढून परत घातला. फेल्ड. लॅपटॉप बंद करून चालू केला. फेल्ड. तेवढ्यात दीर शेतावरून जेवायला आले, दोघींची तोंडं बघून विचारलं, “कोण गेलं?”

जाऊ म्हणाली, “कुणी गेलं न्हाय. आपा हैदराबादला चालल्यात, माझ्या गळ्यात नापास मशीन बांधून.”

जेवून मी तशीच परत आले. हैदराबादचं तिकीट काढून झालं होतं. मला सगळ्यात वाईट वाटलं ते असं, की जावेला मी म्हणत होते मदतीवर भरवसा ठेव, आणि मशीननं तिच्यासमोर सांगितलं की मदत बरोबर नाही.

दोन दिवसांनी परत गेले. ह्या वेळी माझा लॅपटॉपच घेऊन, सुती साडीत गुंडाळून, मांडीवर. हे म्हणाले, नातवंडाला पण असंच धरणार का? जावेच्या शिलाई मशीनच्या पाटावर दोन्ही शेजारी ठेवले. माझ्यावर टेस्ट चालवली, ओके. तिच्यावर चालवली, फेल्ड. एका पाटावर, एका लाईटवर, एका हातानं.

“म्हणजे घरात दोष न्हाय,” जाऊ म्हणाली. “मला वाटलं होतं माकणीतच काय तरी आहे.”

भाचीला फोन लावला. ती म्हणाली, “मुमानी, दोन्ही स्क्रीनवर हेल्प उघडा आणि फोटो काढून पाठवा.” पाठवला. फोटो बघून ती हसायला लागली.

“छोट्या मुमानीच्या खिडकीत अक्षरं कुणी एवढी मोठी केली?”

“मी केली. तिला दिसत नाही.”

“आता दोन्ही मजकुरांचा नुसता आकार बघा, वाचू नका.”

वाचू नका म्हटलं की माणसाला काय करावं ते सुचत नाही. तरी मी डोळे बारीक करून बघितलं. माझ्या स्क्रीनवरचा मजकूर आडवा, रुंद, थोड्या ओळींचा. जावेचा उभा, अरुंद, खाली खाली गेलेला. शब्द तेच. भाचीनं मग सांगितलं ते मला कळलं तेवढं असं. मदत दाखवताना पायथन आधी खिडकीची रुंदी बघतो. रुंदीत जेवढी अक्षरं मावतील तेवढ्यावर ओळ मोडतो. अक्षरं मोठी केली की कमी मावतात, मग ओळी लवकर मोडतात. आणि टेस्टला ओळ कुठं मोडली ते पण मजकुरातच धरायचं असतं. मी टाइप करताना माझ्या खिडकीत ओळ जिथं मोडली तिथंच मोडून टाइप केलं होतं.

आम्ही दोघी तोंडानं म्हणत होतो. ओळ कुठं मोडली ते तोंडाला काय कळणार? आम्हाला कुणी मोडलेल्या ओळीसाठी हुं करायला शिकवलंच नव्हतं.

खरं-खोटं बघायला मी जावेची अक्षरं लहान करत गेले, माझ्या खिडकीएवढी मावेपर्यंत. टेस्ट चालवली. ओके. मोठी केली, फेल्ड.

जाऊ बघत होती. म्हणाली, “म्हणजे मला दिसलं की ते नापास, आणि मला दिसेनासं झालं की ते पास.”

भाचीला फोनवर ऐकू गेलं. ती म्हणाली, “नाही हो छोट्या मुमानी, अक्षरं तुम्हाला हवी तेवढी ठेवा. टेस्टमध्ये एक ओळ घालू या. खिडकी ऐंशी अक्षरांची आहे असं समज, असं त्याला सांगायचं. मग खिडकी कितीही असू दे, टेस्ट ऐंशीवरच बघंल.”

ती ओळ मी तिनं सांगितली तशी वर घातली. जावेची अक्षरं मोठीच ठेवली. टेस्ट चालवली. ओके.

मला वाटलं, सुटले. पण जाऊ अजून स्क्रीनवर बोट ठेवूनच बसली होती.

“ऐंशी अक्षरांची खिडकी कुणाची आहे?” तिनं विचारलं.

“कुणाची म्हणजे? समजायची.”

“माझी चाळीसची असंल. तुमची ऐंशीची. मशीन ऐंशीची बघून ओके म्हणतंय. म्हणजे तुमच्या खिडकीतली मदत ओके आहे. माझ्या खिडकीतली कुणी बघितली?”

मी भाचीला म्हटलं, आता हिला तू सांग. भाची म्हणाली, टेस्ट शब्दांसाठी आहे, चष्म्यासाठी नाही. ओळ गळाली, शब्द बदलला, तर ती धरंल. दिसणं न दिसणं तिच्या हातात नाही. जाऊ म्हणाली, हां, मग ठीक. पण तिच्या ‘ठीक’चा सूर मला माहीत आहे. आणि खरं सांगू, माझंही डोकं तिथंच अडकलं. जी खिडकी जावेच्या घरात नाहीच, तिच्यात बघून मशीन मला सांगणार की सगळं बरोबर आहे. त्याच्याआधी ते खरीखुरी खिडकी बघून सांगत होतं की चूक आहे, आणि चूक नव्हती. ह्यातलं शहाणपण कुठलं आणि खुळेपणा कुठला, मी अजून बसून विचार करते. भाची म्हणते, मुमानी, सवय होईल. सवय झाली म्हणजे कळलं का, ते ती सांगत नाही.

फोन ठेवला. मी जावेला म्हटलं, “आता बोल. घेतीस का न्हाय? तिकीट झालंय माझं.”

ती उठली. माझा लॅपटॉप मिटून माझ्या मांडीवर दिला. म्हणाली, “तुम्ही अंगणात जाऊन बसा.”

“अगं पण...”

“तुम्ही हितं असलात की मी तुम्हालाच विचारणार. तुम्ही हैदराबादला गेल्यावर मी काय हितनं हाक मारणार हाय का? जावा बाहेर. आणि मी काही विचारलं तरी बोलायचं न्हाय.”

मग मी अंगणात बाजेवर बसले. हे मोटारसायकलला टेकून उभे होते, त्यांनाही मी खुणेनं गप्प राहायला सांगितलं. आतून तिचा आवाज यायला लागला. ती मदत मोठ्यानं वाचत होती, थांबत थांबत, प्रत्येक तुटक्या ओळीवर श्वास घेत. आमच्या बायका मला फोनवर अर्ध्यातच तोडतात, ‘कळलं कळलं’ म्हणून. इथं मदतीला तसं तोडता येत नव्हतं. एकदा म्हणाली, “हे काय?” माझं तोंड उघडलं होतं, मी पदर धरला. मग परत मागं जाऊन तेच वाचलं. मग कळा दाबल्याचा आवाज, आणि “हट्! मी तसं कुठं म्हटलं?” म्हणजे हुकूम चुकला असणार. परत कळा. मला वाटलं, आता येती बाहेर आणि म्हणती नक्को.

ती आली बाहेर. हातात टेप. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. परसातून विहिरीकडं गेली, पण काठाशी न जाता सरळ मोटारीच्या खोलीत शिरली आणि मोटार बंद केली. मग काठावर येऊन बसली. टेप सोडली नाही, नुसती बसून राहिली, पाणी आपल्या जागेवर यायची वाट बघत.

गुरांच्या चाऱ्याच्या, कडवळाच्या वाफ्यातून दिराचा आवाज आला. “ए! मोटार कुणी बंद केली?”

“मी केली. मोटार चालू असताना माप घ्यायचं न्हाय!”

“कोण म्हणतंय?”

“हेल्पमध्ये लिहिलंय!”

“मग हेल्पला म्हणावं, कडवळाला पाणी दे!”

“ती मोठ्या गावची हाय, ती येत नसती वाफ्यात. तुम्ही बसा बांधावर जरा.”

मी बाजेवरनं उठले. तिनं लांबूनच हात केला, बसा म्हणून नाही, जावा म्हणून. ह्यांनी मोटारसायकल चालू केली. वळणावर मी मागं बघितलं तेव्हा ती काठावर वाकून टेप सोडत होती.